उंबर तोडणारा बादशाह

इंदापुरात बादशाहभाईनं आणि मी तीस वर्षं ड्रेनेजची कामं जोडीनं केली. विजयसिंहतात्यांच्या दारातल्या उंबराची मुळं दर सहा महिन्यांनी संडासाच्या लाइनमध्ये शिरायची. भाई चेंबरमध्ये उतरून जटांसारखा तो गुंता हातानं ओढून काढायचा. सांध्यात एक मूळ राहिलं तरी पुन्हा उतरायचा.

शेवटी मीच म्हणालो, "तात्या, झाडच काढा."

"उंबर हाय, दत्ताचं झाड. आमाला पाप लागंल. बादशाह, तू तोड. तुला काय व्हतंय?"

भाई हसला. "व्हय, आमचा घडा आदीच भरल्याला हाय."

त्यानं दोन दिवस एकट्यानं कुऱ्हाड चालवली आणि बुंधा मुळासकट उपटला. मी कुऱ्हाडीला हात लावला नाही.

महिन्याभरात तात्यांच्या सुनेचा गर्भपात झाला. "त्या बादशाहनं उंबर तोडला म्हणून," असं तात्याच गल्लीभर सांगत फिरले. त्या गल्लीतलं एकही घर पुन्हा भाईला बोलवेना. साठीत तो कळंबला लेकीच्या दारी राहायला गेला.

तात्यांची लाइन आता तुंबत नाही. गल्लीतली बाकीची कामं मला मिळाली. हातपाय चालत होते तोवर मी ती केली.