मिटलेली मूठ

शुक्रवार, सकाळी साडेदहा. हजर : आमचे शेठ, मी आणि ते, आमचे जुने प्रोग्रॅमर काका. जागा : कॅम्प तीनमधलं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस.

नव्या माणसाला प्रोग्रॅमिंग शिकवताना ते मूठ मिटायचे. "आधी धरायचं. मग वाचायचं." मग बोटं उघडून, "आता सोडायचं." असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

आम्ही जीन्सच्या कारखान्यांसाठी लेबल छापणारे प्रोग्रॅम करतो. मजकूर सरळ प्रिंटरकडे जातो. तपासणीच्या वेळी ते त्याची वाट वळवत, सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतल्या अक्षरांच्या माळेत, जमा करत आणि पडद्यावर बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचत. "कागदावर गेलं की आपल्या हातात राहत नाही, मॅडम."

नंतर वाट पुन्हा प्रिंटरला जोडावी लागते. ते विसरलं तर मजकूर आतच साठत राहतो, बाहेर काहीच येत नाही. म्हणून मी यादी केली होती. बारा कामं, बारा चौकोन. शेवटचं काम, वाट जोडणे. "तुमची खूण आहे ना? मग मी बघत नाही," असं ते म्हणायचे.

गुरुवारी तपासणी माझ्याकडे होती. वेळ वाचावा म्हणून बाराही खुणा मी आधीच करून ठेवल्या. मुलीच्या शाळेत सभा होती. अकरा कामं केली आणि निघाले.

शुक्रवारी शेठनी कारखानदाराचा फोन स्पीकरवर टाकला. "साईं, सुबह से बटन दबा रहा हूँ! टेम्पो खडा है, एक लेबल नहीं निकला!"

शेठ त्यांच्यावर उखडले. "काका, कोड तुमचा ना? किती वेळा सांभाळून घ्यायचं?"

ते मशीनवर बसले. पाच मिनिटांत चूक सापडली, लेबलं सुरू झाली. मग त्यांनी माझी यादी उचलली, बारावी खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं. हाताची मूठ मिटली होती. ती उघडली नाही.

"माझ्याकडूनच राहिलं, शेठ," ते म्हणाले.

मी पेन शोधत होते. पेन माझ्या हातातच होतं.

"उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले. काकांनी डबा आणि चष्मा पिशवीत टाकला, मला म्हणाले, "येतो, मॅडम."

ते खरवईला राहतात. दर सोमवारी मी नवी यादी करते आणि जुन्या पानावरून एक काम उतरवून घेते : शेठना खरं सांगणे, मग खरवईला जाणे. खूण आधी करून ठेवलेली नाही, असं माझ्या यादीत हे एकच काम आहे.