भिंतीच्या फोटोला लाल टिकली

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर माल तपासला. काम सोपं होतं. तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा आणि त्यावर गोल स्टिकर लावायचा. पास झाला तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, बाद झाला तर लाल. निवृत्त होताना साहेबांनी घड्याळ दिलं आणि मी ड्रॉवरमध्ये उरलेली स्टिकरची पाकिटं गुपचूप पिशवीत टाकली. घड्याळ कधीच बंद पडलं, स्टिकर अजून पुरतायत.

तपासायला माल नसला की असा माणूस घरच्यांना तपासायला लागतो. एका दुपारी मी वांग्याच्या भाजीबद्दल सविस्तर मत दिलं, तेव्हा बायको म्हणाली, "खाली हॉलमध्ये जा आणि कुणाला तरी काहीतरी शिकवा." अशा रीतीने कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मोबाइलने फोटो काढायचा वर्ग सुरू झाला. मला फोटोची हौस जुनी. विद्यार्थी सहा-सात, बहुतेक माझ्याच वयाचे, आणि चहा आपापल्या घरून आणणारे.

त्यातल्या एक म्हणजे बी विंगमधल्या वहिनी. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या. पंचवीस वर्षं नवऱ्याचे आणि मुलांचे डबे भरले, आता मुलाचा जुना मोबाइल हाती आला होता. पहिल्या महिन्यात त्यांच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक अंगठा असायचा. तो गेल्यावर जे दिसायला लागलं ते मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बाईंना नजर होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण तपासणीवाला एवढ्यात खूश होत नाही.

वॉर्डातल्या वाचनालयाने आम्हाला दोन दिवस त्यांचा हॉल दिला. 'आपलं शहर' असा विषय ठरला, प्रत्येकाने एक फोटो लावायचा. वहिनींनी त्याच संध्याकाळी गावाकडे भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, येतो. एका फोटोसाठी रात्रभराची बस पकडून येणार म्हणाला, तेव्हापासून बी विंगमध्ये दुसरा विषय नव्हता.

आणि मग मला अवदसा आठवली. म्हटलं, फोटो चारचौघांत लावायचे तर हक्कांचे नियमही सगळ्यांना समजावून देऊ. मी वकील नाही. पण कॉपीराइट कायद्याचं ते पान मी तीनदा वाचलं होतं, आणि खिशात स्टिकर होते.

"इमारत," मी सुरुवात केली. "स्टेशन, मॉल, मंदिर, टॉवर. इमारत ज्याने आखली त्याचा त्या आखणीवर हक्क असतो, पण तिचा फोटो काढायला आणि लावायला आपल्या कायद्यात सूट आहे. हिरवा."

"मग मॉलचा वॉचमन शिट्टी का मारतो?" बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं.

"ती जागा मॉलची. आत काय करू द्यायचं ते मॉल ठरवतो. वॉचमन म्हणजे कायदा नव्हे, पण शिट्टी त्याच्याकडे आहे."

पुढे पुतळे. चौकात कायमचे उभे केलेले फ्लेमिंगो, बागेतली शिल्पं. लोकांच्या जागी कायमची असली तर हिरवा. इथे वहिनींनी हात वर केला. "मंडळाचा गणपती?"

"मूर्ती आहे, लोकांच्या जागीही आहे, पण कायमची नाही. दहा दिवसांनी जाते. म्हणून पिवळा. मूर्तिकाराला विचारलेलं बरं."

"म्हंजे बाप्पा चालला हे कायद्यालाबी कळतंय," वहिनी म्हणाल्या, आणि वर्गात हशा पिकला.

शेवटचा नियम मी मुद्दाम आवाज चढवून सांगितला. भिंतीवरचं चित्र. शिल्पाला जी सूट आहे ती चित्राला नाही. चित्र रस्त्यावर असलं, हजार माणसं रोज बघत असली, तरी त्याचा हक्क चित्रकाराचा. स्वतःपुरता फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कोण विचारतो? पण नुसत्या चित्राचा फोटो काढून प्रदर्शनात लावायचा असेल तर आधी विचारायचं.

"सर," बँकवाले काका म्हणाले, "लिफ्टजवळ तुमची फ्रेम आहे ना? पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पक्ष्याची?"

"तो विषय वेगळा आहे," मी म्हणालो आणि घाईघाईने फोटो गोळा करायला लागलो.

वहिनींचा फोटो सर्वांत खाली होता. कोपरखैरणे गावातल्या एका घराची पुढची भिंत. गावात लग्नघराची भिंत रंगवायची पद्धत आहे. नवरा-नवरीची नावं, मोर, केळीचे खांब असं सगळं असतं. पण या भिंतीवर मोरांच्या खाली अख्खी खाडी होती. मिठागराचे चौकोन, एक होडी, आणि होडीत पाठमोरी बसलेली नवरी. वहिनींनी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ टिपली होती. सकाळचं ऊन बरोबर नवरीच्या पाठीवर आलं होतं. सगळ्या गठ्ठ्यात तेवढाच एक खरा फोटो होता.

मी त्यावर लाल टिकली लावली.

वहिनी फोटो पदराआड घेऊन गेल्या. घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "भाऊ येणार होता ना त्यांचा?" आणि ताट माझ्यासमोर जरा जोरातच ठेवलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नियम बरोबर होता आणि मी नालायक ठरलो होतो. कारखान्यात असं कधी झालं नव्हतं. तिथे तुकडा बाद झाला तर तुकड्याचा भाऊ येत नसे.

दुसऱ्या दिवशी मीच बी विंगची बेल वाजवली. म्हटलं, बाद नाही, विचारायचं राहिलंय एवढंच. चला, विचारून येऊ. मी परवानगीचं एक पत्रही टाइप करून नेलं होतं. 'खाली सही करणार मी, या चित्राचा/ची मालक,' वगैरे. वहिनी चप्पल घालून तयारच होत्या, जणू रात्रीपासून दाराशी उभ्या असाव्यात.

गावात पोचलो आणि दोघंही थबकलो. भिंत पांढरीफटक होती. ओला चुना, खाली कागद पसरलेला.

"भाऊ," वहिनी मला म्हणाल्या, "भिंतच गेली की. आता कुनाला विचारायचं?"

तेवढ्यात हात पुसत एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या असाव्यात. सकाळी मासळी विकायला बसतात, असं नंतर कळलं. मी घसा साफ करून हक्क, प्रदर्शन, परवानगी असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या.

"फोटू तं सगलीच काढतान, काका. इचारायला कोन येत नाय. तुमी पयलेच." मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "माझे पोरीच्या लग्नाची व्हती ती. मीच काढलेली. आता पोराचं लगीन हाय, म्हनून चुना मारला. नवीन काढायची."

वहिनींनी फोटो पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. लग्नात फोटोवाल्याने ढिगाने फोटो काढले होते, पण प्रत्येकात भिंतीपुढे माणसं. कुणाच्या डोक्यामागे मोराची शेपटी, कुणाच्या खांद्यावर होडीचं टोक. अख्खी भिंत कुणीच टिपली नव्हती. लेक आता लांब नांदायला गेली होती. ही होडीतली नवरी तिनेच सांगून काढून घेतली होती.

"ह्यो मना एक देशाल?" बाईंनी विचारलं. "पोरीला धारीन, तिचे सासरी."

"घ्या की, ठेवा हाच," वहिनी म्हणाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय वाईट. म्हणालो, "ताई, चित्र तुमचं, पण फोटोचा हक्क वहिनींचा. तुम्ही त्यांना परवानगी द्यायची आणि त्यांनी तुम्हाला. दोन पत्रं लागतील."

दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी बायको आठवली. पण पत्रं केलीच. पहिल्यावर बाईंनी ठसठशीत सही केली. एकच अट घातली, फोटोखाली चित्र कुणी काढलं ते लिहायचं. दुसरं पत्र मी त्याच कागदाच्या पाठीवर हाताने लिहिलं आणि पेन वहिनींना दिलं. 'फोटोची मालक' या शब्दांपुढे त्या थांबल्या.

"भाऊ, मोबाइल पोराचा हाय. शिमकार्ड ह्यांच्या नावावर. मग फोटो माझा कसा?"

"ज्याने काढला त्याचा. मोबाइल कुणाचा हे कायदा विचारत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"घर ह्यांच्या नावावर हाय. गॅससुद्दा," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात, आठवून आठवून यादी करत होत्या. मग कागद मांडीवर घेऊन सावकाश नाव लिहिलं. फक्त स्वतःचं. ते लिहून झाल्यावर बराच वेळ बघत राहिल्या, आणि खरं सांगतो, मला दुसरीकडे बघावं लागलं. बाईंनी आम्हाला चहा पाजला आणि जाताना लग्नाचं आमंत्रणही दिलं.

परत आल्याबरोबर मी लिफ्टजवळची माझी फ्रेम उतरवली. तो पक्षी कुणी रंगवला याची चौकशी अजून चालू आहे. भिंतीवर नुसता खिळा आहे, आणि बँकवाले काका जाता-येता त्याच्याकडे बघून खाकरतात.

प्रदर्शनाच्या दिवशी भाऊ आला, बसमध्ये चुरगळलेला पांढरा शर्ट आणि हातात खव्याचा डबा. वहिनींचे यजमानही होते. भिंतीचे फोटो कसले काढतेस, असं महिनाभर म्हणणारे तेच सगळ्यांना त्या फोटोपुढे आणून उभे करत होते. फोटोखाली मी दोन ओळी लावल्या होत्या. चित्र कुणाचं, आणि फोटो कुणाचा. मी हिरवा स्टिकर कोपऱ्यात लावायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "तितं नको भाऊ, नावावर येतोय."

भावाने फोटो बघितला, मग वाकून खालची ओळ मोठ्याने वाचली. पुन्हा वाचली.

"आक्का, निस्तं तुझंच नाव हाय. दाजींचं टाकायचं राहिलं का?"

हॉलमध्ये सगळे वहिनींकडे बघायला लागले. यजमानही.

"राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "फोटो त्यांनी नव्हता काढला."