यादीतला पहिला फोन

त्या तीन दिवसांचं ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही. मी अधिकारी नव्हते. शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस चौकीत मी चौदा वर्षं झाडलोट केली, पाणी भरलं, चहा दिला. तिथं किती तपास पाहिले याची मोजदाद नाही. पण या एका तपासात माझा स्वतःचा भाग होता.

चौकीसमोर एका तरुणाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. आईबाप मजुरी करायचे, हा शिकला आणि कर्ज न काढता दुकान उभं केलं. पोलीस भरतीत त्याचं नाव लागलं होतं. चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच चौकीत येऊन पडला होता. तेवढा वर गेला की तो ट्रेनिंगला जाणार होता.

माझी मुलगी गुजरातेत दिलेली. चौकीत रेंज नाही, आणि नातीचं तोंड बघावं म्हटलं तर फोनवर चित्र अडकून बसायचं. एकदा त्यानं माझा फोन घेतला, दुकानाच्या वायफायचा पासवर्ड स्वतःच टाकून दिला. म्हणाला, "मावशी, दुकान बंद असलं तरी हे चालू असतं. पायरीजवळ उभं राहात जा." मी पहाटे सहाला झाडायला यायचे, तेव्हा आधी दहा मिनिटं नातीशी बोलायचे. पायरीवर अजून एक जण बसलेला असायचा. शेजारच्या डेअरीत दूध घालून झालं की गावातले एक आप्पा तिथं मोबाईल बघत बसायचे. त्यांनाही पीकविम्याचा फॉर्म भरताना यानंच वायफाय जोडून दिलं होतं. फोन एकदा जोडला की तो आपला आपण जोडत राहतो, हे आम्हा दोघांनाही सोयीचं होतं.

मग तक्रार आली. आप्पांच्या पुतणीचं लग्न राहू गावाकडच्या एका घरात ठरलं होतं. खोट्या नावाच्या खात्यावरून सासरच्यांना तिच्याबद्दल घाण मेसेज गेले, तिचे फोटो बदलून पाठवले. तीन मेसेज, तिन्ही पहाटे सहाच्या सुमाराला. पुण्याच्या सायबर पोलिसांकडून माहिती आली की ते या दुकानाच्या वायफायवरून गेले. तक्रारीला मुलीच्या बापाबरोबर आप्पाच पुढं होते. रोज चौकीच्या बाकावर येऊन बसायचे, गुन्हा दाखल करा म्हणायचे, आणि मला सांगायचे, "मावशी, साखर जरा सढळ टाका."

चौकीच्या फौजदार साहेबांनी दुकानातून राउटरची यादी छापून आणली. कुठला फोन किती वाजता जोडला ते त्यात होतं. नावं कसली, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. तिन्ही वेळी दोन फोन जोडलेले होते. त्या तरुणाला समोर बसवलं. मी चहा घेऊन दारात होते.

साहेबांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. माझा फोन त्यानंच जोडलेला, ते नाव त्यानं ओळखलं. त्याच महिन्यात साहेबांनी सगळ्यांना तंबी दिली होती, बाहेरचं फुकटचं वायफाय वापरताना कोणी दिसलं तर खैर नाही. माझी नोकरी कंत्राटाची, एका शब्दावर जाणारी. हे त्याला माहीत होतं.

"माझाच हाय साहेब. जुना फोन."

"आणि दुसरा?"

"ठाऊक न्हाई."

"म्हणजे पहाटे सहाला तू दुकानापाशी होतास."

जुना फोन दाखव म्हटल्यावर तो म्हणाला, विकला. साहेब हसले, "विकलेला फोन रोज पहाटे परत येतो होय रे?" आप्पाही बाकावरून हसले.

मी ट्रे ठेवला आणि बाहेर गेले. त्या वेळी बोलले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण बोलायचं म्हणजे आधी कबूल करायचं की पहिला फोन माझा. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, आणि त्यात नोकरीची भीती. दुसऱ्या दिवशीही त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. त्याच दुपारी हवालदारांनी पडताळणीच्या कागदावर शेरा लिहिला, गुन्ह्यात संशयित, चौकशी चालू. टपाल गेलं. मी त्या टेबलाखालचा केर काढत होते.

तिसऱ्या दिवशी महिला शिपाई ताईंना मी न्हाणीघरापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला तशीच साहेबांपुढं नेलं. माझ्या फोनच्या सेटिंगमधला नंबर यादीतल्या पहिल्या नावाशी जुळला. साहेब एवढंच म्हणाले, "मावशी, हे परवा का नाही सांगितलं? त्या पोरानं तुमच्यापायी खोटं बोलून स्वतःला अडकवलं."

पायरीवर दुसरं कोण असतं, तेही मी सांगितलं. साहेबांनी यादीतला दुसरा फोन ब्लॉक करायला लावला, पासवर्ड तसाच ठेवला, म्हणजे अडेल तो त्याच एका फोनचा मालक. दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब साध्या कपड्यात डेअरीच्या रांगेत उभे राहिले. आप्पा आले, पायरीवर बसले. फोन बंद केला, चालू केला, शटरजवळ धरून पाहिला.

साहेब जवळ गेले. "काय आप्पा, वायफाय लागत न्हाई का?"

"व्हय की, रोज लागतं, आजच न्हाई बगा..." म्हणाले आणि तिथंच थांबले.

मेसेज त्याच फोनमध्ये सापडले. भावाशी बांधावरून वाद होता, म्हणून पुतणीचं लग्न मोडायचं होतं. लग्न मोडलं नाही, मुलगी सुखात आहे.

साहेबांनी शेरा दुरुस्त करून दुसरा कागद पाठवला. तो पोचेपर्यंत मुदत गेली होती, त्या तरुणाच्या जागी प्रतीक्षा यादीतला दुसरा घेतला गेला. पुढच्या भरतीला त्याचं वय बसत नव्हतं. मला मात्र कामावरून कोणी काढलं नाही. साधी नोटीससुद्धा मिळाली नाही. ज्या भीतीनं मी दोन दिवस गप्प बसले, ती मुळात खोटीच होती.

चौकीत मी एक गोष्ट पाहिली आहे. गुन्हेगार खोटं बोलतो ते पकडता येतं. ज्यानं पाहिलं ते माणूस भिऊन गप्प बसतं, ते कुठल्याच यादीत येत नाही. मी तशा माणसांपैकी होते.

तो एमआयडीसीतल्या कंपनीत लागला. दुकान बंद करायच्या दिवशी चौकीच्या दारात आला. मी झाडू खाली ठेवला. तो म्हणाला, "मावशी, उद्यापासनं वायफाय बंद हाय. फोन लागला न्हाई तर घाबरू नका, नात खुशालच असंल."