तळ लागला की सांग

आमच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी दिवाळे गावात एका कोळ्याच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. तुर्भ्याला माल चढवायचं-उतरवायचं काम होतं. सातवीतून शाळा सोडून परभणीकडून आलेल्या माणसाला तेही खूप. ते थांबलं आणि दिवसभर खोलीत बसून राहायची पाळी आली. घरमालकिणीला मी वहिनी म्हणायचो. ती रोज संध्याकाळी कालवणाची वाटी आणून द्यायची. वाटी हातात घेताना बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. कारण खोली देताना तिनं "कुठला रं तू?" एवढंच विचारलं होतं. मी परभणी म्हणालो. पुढचं तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढचं म्हणजे आम्ही बौद्ध, गावाबाहेरच्या वस्तीतले. हे कळलं तर वाटी बंद होईल, खोली जाईल की काहीच होणार नाही, याचा मला अंदाज येत नव्हता. आमच्या गावातले नियम मला पाठ होते. इथले नियम कुणी सांगतच नव्हतं.

"बसून बसून खाट मोडशील," वहिनी एक दिवस म्हणाली. "भांगाचे दिवस हायेत. आमचा तांडेल दोर घेऊन चाललाय, जा त्याच्यासंगं."

भांगाच्या दिवसांत भरतीला जोर नसतो, जाळ्याला फारसं काही लागत नाही. मग तांडेल, म्हणजे होडी चालवणारा तिचा नवरा, खोल पाण्यात तळाचे मासे धरायला जायचा, नुसत्या दोरानं.

होडीत आम्ही तिघं. तांडेल, ज्याला मी दादा म्हणायचो, त्याचा मेव्हणा आणि मी. उजाडता उजाडता खाडीतून निघालो. बंदरातली मोठमोठी जहाजं मागे पडली, मग किनारा पुसट झाला. मला पोहता येत नाही हे मी निघतानाच सांगून ठेवलं होतं.

"मना तरी कुठं येतंय?" मेव्हणा म्हणाला. "परलो तर दोघं मिलून बुडू, सोबत होईल."

कोळ्याला पोहता येत नाही असं होईल का? तो चेष्टा करत होता की खरं सांगत होता, मला आजही ठाऊक नाही.

दूरच्या डोंगराचं टोक आणि दीपस्तंभ एका ओळीत आल्यावर दादानं मशीन बंद केली. म्हणाला, इथं खाली खडक आहे. मला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं. त्यानं माझ्या हातात नायलॉनचा दोर दिला. टोकाला घासून चकचकीत केलेलं लांबट शिसं आणि त्याला गरी, म्हणजे आमच्याकडचा गळ. आमिष नाहीच.

"सोड खाली. तल लागला की सांग."

दोर बोटांवरून सरसरत गेला. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे किती वाव गेले देव जाणे. मग थांबला.

"लागला."

"लागला नाय, तू दाबून धरलास."

पुन्हा सोडला. पुन्हा कुठेतरी काहीतरी झालं.

"आता?"

"काय की, दादा."

"तल लागला की दोर ढिला परतो. आन् पान्यात काय बगतोस? डोल्यांचं काम नाय, बोटांचं हाय."

बोटांना सगळंच कळत होतं आणि त्यातलं काय कुठलं ते कळत नव्हतं. होडी हलली की दोर ओढला जायचा. पाण्याला ओढ असली की जायचा. शिसं खडकाला घासलं की हातात कुरकुर यायची. दर वेळी मी "लागला!" म्हणून ओरडायचो आणि दर वेळी खडक निघायचा.

"खराक घेऊन जा घरी," मेव्हणा म्हणाला. "बायको केलीस की पाटा-वरवंटा होईल तिला."

दादा हसला नाही. त्यानं माझा दोर हातात घेऊन दाखवलं. तळ लागला की वावभर वर घ्यायचं, मग झटक्यानं उचलायचं आणि लगेच सोडायचं. "आडाचं पानी शेंदतोस ना? पोहरा पान्यावर तरंगतो, बुडत नाय. तवा कसा वरून झटका देतोस नि सोडतोस? तसंच. उचलताना मासली खात नाय. खाली परताना खाते."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? आमच्या गावच्या आडावर आम्हाला शेंदायची मुभा नव्हती. आई घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतेपर्यंत. एरवी आम्ही नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचो. पुढं वस्तीत हापसा आला. पोहरा माझ्या हातात कधी आलाच नव्हता. पण हे सांगायचं तर ते पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि आम्ही होतो भर समुद्रात.

"कदी शेंदलं नाय काय रं?" माझं उचलणं बघून दादानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. एवढंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आपला दोर सोडला.

ऊन चढल्यावर तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं तिखट खाल्लं. तोंड पेटलं. पाण्याचा हंडा ओल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवला होता, झाकणावर उपडा पेला. दोघांनी आपापल्या हातानं पेला बुडवून पाणी घेतलं. दादानं हनुवटीनं हंड्याकडे खूण केली, "पानी पी."

मी उठलो, हंड्याजवळ गेलो, उकिडवा बसलो आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरली. कुणी ओतेल म्हणून वाट बघत राहिलो. सवयच ती. ओतायला कुणी आलं नाही. मेव्हणा आ वासून माझ्याकडे बघत होता.

"काय रं, दर्याला पाया परतोस काय?"

"व्हय," मी म्हणालो, आणि होडीच्या काठावरून समुद्राचं पाणी घेऊन तोंडावर मारलं. ओठ आणखी चुरचुरले. पुन्हा हंड्याकडे जायचा धीर झाला नाही. पेला उचलला तर चालेल का? पी म्हणाला म्हणजे बुडवून पी, की थांब, मी देतो? इतकी साधी गोष्ट, पण विचारायची कशी?

दुपार कलली. तहानेनं डोकं बधिर झालं होतं. मी नुसता उचलत आणि सोडत होतो, काही ओळखायचं सोडूनच दिलं होतं. एकदा सोडलं आणि दोर गेलाच नाही. खडक असणार म्हणून गप्प राहिलो. मग खडक चालायला लागला.

"दादा, ह्यो खडक हालतोय!"

"वड! वर घे, येड्या! ढिला देऊ नको!"

दोर तळव्यात रुतत होता. एक हात वर येईपर्यंत दुसरा खाली ओढला जायचा. दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला. दोर हातात घेईल असं वाटलं, पण त्यानं घेतला नाही. हंड्यात पेला बुडवला, स्वतः दोन घोट घेतले आणि तोच पेला माझ्या ओठांना लावला.

"पी. हात सोडू नको."

मी प्यालो. अर्धं पाणी हनुवटीवरून छातीवर गेलं. वर आलं ते हेकरू, मोठ्या तोंडाचा, ठिपक्यांचा मासा. मेव्हण्यानं तो आत घेतला आणि म्हणाला, "याच्याहून तुजं तोंड मोठं उघडलंय."

परतताना मला राहवलं नाही. मशीनचा आवाज होता, म्हणून दादाच्या कानाजवळ जाऊन बोललो. "दादा, आमी बौद्ध हाव. वहिनीला सांगितलं न्हाई."

तो सुकाणूवर होता. त्यानं ते जरासं वळवलं. मग म्हणाला, "उचलताना तू खांदा वापरतोस. मनगट वापर."

त्याला ऐकू आलं नव्हतं का? की आलं होतं आणि त्याचं उत्तर हेच होतं? पुन्हा विचारायची छाती झाली नाही. त्या संध्याकाळी वाटी आली, माशाच्या डोक्याच्या कालवणाची. पण ती वहिनीच्या धाकट्या पोरीनं आणून दिली, वहिनी आली नाही. कढत कालवण समोर ठेवून मी बराच वेळ त्याचाच अर्थ लावत बसलो. मग कपडे पिशवीत भरून ठेवले.

सकाळी वहिनी दारात उभी. कडेवर हंडा, खांद्यावर दोरखंड, हातात पोहरा. पिशवीकडे तिनं पाहिलं.

"कुठं चाललास?"

"कुठं न्हाई."

"मंग चल आडावर. तांडेल सांगत होता, तुना शेंदता येत नाय. परवा पुना जायचं हाय त्याला. त्याला होडीत येडा नको."

ती पुढे, मी मागे. त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं की सगळं, हे तिच्या पाठीवरून काही कळेना. आडावर बायकांची गर्दी होती. मला बघून त्या सरकल्या. माझे पाय थबकले. त्या जागा करून देत होत्या की लांब होत होत्या?

"ये ना रं पुढं! काठावर उभा रा, तिथून काय शेंदशील?"

मी काठावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आडात वाकून पाहिलं. खाली काळं पाणी आणि त्यात माझं डोकं. पोहरा सोडला. तो पाण्यावर आडवा पडून तरंगत राहिला.

"मनगटानं," मागून वहिनी म्हणाली. "झटका दे नि सोड."

मी झटका दिला आणि सोडलं. दोरखंड क्षणभर ढिला पडला. मग एकदम जड झाला.

"लागला!" मी ओरडलो.

सगळ्या बाया हसायला लागल्या. वहिनीनं हंडा पुढे सरकवला.

"ओत की मंग, बगतोस काय!"