खडूचे चार साहेब

समुद्र न पाहता समुद्राची काळजी वाहणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच होता, आणि तो आमच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर होता. रंकाळ्याहून मोठं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिथल्या होडीतही त्यांना चक्कर येई. पण आरमाराच्या प्रमुखाचं पद म्हणजे त्यांना घरचंच कार्य. शाळेतला हेडमास्तरांच्या नावांचा फलक त्यांनी रंगवला होता. तसाच एक काळा फलक त्यांनी स्वतःच्या बैठकीत टांगला होता, आरमाराच्या प्रमुखांचा.

स्वातंत्र्य आलं तरी त्या खुर्चीवर विलायती साहेबच बसत होते. त्यांची नावं मास्तर खडूने लिहीत. "पाहुण्यांना ऑइलपेंट कशाला?" म्हणत. तरी अक्षर पुसट झालं की दर दसऱ्याला गिरवत; पाहुण्याचा मान ठेवायलाच हवा. पहिल्या आपल्या माणसासाठी पिवळ्या रंगाचा डबा कपाटात राखलेला होता. मास्तरांच्या घरच्या बाईंनी एकदा पाटाला चार थेंब मागितले, तर मास्तर बाजारात जाऊन दुसरा डबा घेऊन आले.

सरकारने पदाचं नाव बदललं की मास्तर फलकाचा मथळा पुसून नवा लिहीत. तीन मथळे झाले, चार साहेब झाले. दूध घालणारे आबा रोज दारातून विचारत, "मास्तर, बसला का न्हाय आपला गडी?"

"भूदलात बसला, विमानदलात बसला. यांचंच घोडं कुठं अडलंय कळत नाही."

"मग माझी म्हस धाडा की. पाण्यात बसायची सवय हाय तिला."

मास्तर हसत, पण अलीकडे त्यांना आबांचा चेहरा दिसत नसे, नुसता आवाज कळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनला ते तयार नव्हते. बिघडलं तर आहे तेही जायचं. "एक नाव लिहिण्यापुरती नजर टिकली म्हणजे झालं," म्हणायचे.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात मी वर्तमानपत्र घेऊन धावत गेलो आणि बातमी वाचली.

"पुन्हा वाच. नाव आपलंच ना?"

"आपलंच, मास्तर."

डबा उघडला. वर जाड साय धरली होती, खाली रंग ओला होता. मी म्हणालो, "द्या, मी लिहितो."

"तुला ड्रॉइंगमध्ये पास मी केलंय. मला माहीत आहे तू काय लिहिशील ते."

डाव्या हाताने फलकाची कड चाचपत त्यांनी नाव काढलं. अक्षर सुरेख, पण ओळ उजवीकडे चढत गेली होती. "सरळ आली?" त्यांनी विचारलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"अगदी सरळ," मी म्हणालो.

मास्तर गेले आणि बाईंनी फलक माझ्याकडे दिला. आणताना वाटेत खडूचे चारही साहेब पुसले गेले. पुढे त्या पदावर दुसरा माणूस आला, तोही आपलाच. मी पिवळा रंग आणला आणि ओळ आखायला पट्टी हातात घेतली. मग पट्टी बाजूला ठेवली, आणि दुसरं नाव मास्तरांच्या ओळीखाली तितकंच चढतं लिहिलं.