फुगलेलं दार

“लाकूड भिजलं म्हणून त्याच्यावर रागावू नका,” असं मिस्त्री आयुष्यभर सांगत आला. माणसं मान डोलवायची आणि त्याची पाठ वळली की हसायची. पण पूर ओसरला, गल्लीतलं एकही दार चौकटीत बसेना, तेव्हा हसणं बंद झालं. जो तो म्हणे, मिस्त्री, रंधा मार. मिस्त्री म्हणे, मारणार नाही. आज घासलं तर सुकल्यावर दोन बोटं फट पडेल. मग मांजरच काय, शेजारीणसुद्धा आत येईल.

लोकांनी कसंबसं ऐकून घेतलं. त्याच्या थोरल्या बहिणीने नाही. ताई एकटी राहायची आणि बहीणभाऊ चाळीस वर्षं रोज न चुकता भांडायचे. तिने सांगून टाकलं, शनिवारी मुलगा गाडी घेऊन येतोय. तोवर दार लागलं तर राहीन, नाहीतर कायमची त्याच्याकडे निघाले.

मिस्त्रीला वेगळाच प्रश्न पडला. ताई गेली तर भांडायचं कुणाशी? बायको तर त्याचं सगळंच मान्य करायची. रंधा घेऊन तो दोनदा ताईच्या दारापाशी गेला आणि दोनदा परत आला. हातच धजेना.

शेवटी त्याने आपलं कामाचं बाक उचलून ताईच्या उंबऱ्यात आडवं टाकलं. दार लागेपर्यंत मीच दार, म्हणाला. दिवसा तिथेच खुर्च्यांचे पाय जोडायचा, रात्री तिथेच आडवा व्हायचा. त्याचा जुना मित्र शिंपी, त्याचं दुकान गाळाने भरलेलं, तोही मशीन घेऊन पायरीवर आला. मग बायका फाटकं घेऊन आल्या, पुरुष मोडकं घेऊन. ताई सगळ्यांना चहा द्यायची आणि भावाच्या घोरण्याची तक्रार येईल त्याला ऐकवायची. शिंप्याचं मत पडलं, की त्यापेक्षा पुराचा आवाज सोसला होता.

शनिवारी भाचा आला, तर आत जायला वाटच नाही. बाकावरून वाकून तो म्हणाला, “आई, चल. बॅग कुठाय?”

“पलंगाखाली. भरलेली आहे. मामाला विचार आधी.”

मामाने मान वर केली नाही. “घेऊन जा. मला काय,” म्हणाला, आणि हातोडी बरोबर अंगठ्यावर मारली.

ताईने चिंधी आणली. हवी त्याहून जरा जास्तच आवळून बांधली. मग मुलाला म्हणाली, “चहा घे आणि नीघ बाबा. ह्याला धड खिळासुद्धा दिसत नाही.”

भाचा रिकामी गाडी घेऊन गेला.

पुढे बारा दिवस कडक ऊन पडलं. तेराव्या सकाळी बाक बाजूला घेतलं, ताईने दार ढकललं आणि ते अलगद चौकटीत जाऊन बसलं. मिस्त्री बाहेरच राहिला. त्याने कडेवरून नख फिरवून पाहिलं, नख कुठे शिरेना. मग बाक खांद्यावर घेऊन तो निघाला. मशीन थांबवून शिंपी बघत राहिला, आणि खिडकीच्या गजाला धरून ताई, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत.