आडातले तीन गळ

मी जन्मात एकदाच एकटा आडाचं पाणी भरायला गेलो, आणि त्या दिवशी आमच्या घरात स्वयंपाकाला एक भांडं शिल्लक राहिलं नाही.

आता आमचं शिरूर अनंतपाळजवळचं गाव नव्या लातूर जिल्ह्यात आलंय. जिल्हा नवा, दुष्काळ तेवढा जुनाच. माझी नातवंडं नळाखाली एक बादली लावतात आणि दमलो म्हणून बसतात. मी त्यांना सुनावतो, "आमच्या वेळी निजामाचं राज्य होतं. पोरांना पहाटेपासून कामं असायची." हे अगदी खरं आहे. फक्त ती कामं माझी थोरली बहीण, अक्का, करायची एवढं मी गाळतो. कंदिलाच्या काचा राखेनं पुसायच्या, शेण गोळा करून गौऱ्या थापायच्या, जात्याला हात लावायचा, आडाचं पाणी आणायचं. माझ्या वाट्याला उर्दूचा धडा मोठ्यानं वाचणं आलं होतं. (अर्थ मास्तरांना तरी ठाऊक होता की नाही, शंका आहे.)

ती शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, निर्जळी उपास धरला होता. ताज्या पाण्यानं आंघोळ, मग लिंगपूजा, मग पारणं. त्याआधी घोटभर पाणीसुद्धा नाही, हा त्यांचा नेम. घरातलं पाणी रात्रीच्या अभिषेकात संपलेलं. अक्का गौऱ्या आणायला रानात गेलेली.

"मी आणतो की पाणी," मी म्हणालो.

"तुला जमंल का रं?" अव्वा म्हणाली. आईला आम्ही अव्वा म्हणायचो.

"त्यात काय हाय?"

त्यात काय होतं ते सांगतो. घागरीच्या गळ्याला दोर बांधून ती आडात सोडायची, हे मला माहीत होतं. दोराचं दुसरं टोक आपल्याकडे ठेवायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घागर गेली, तिच्यामागं दोर गेला, आणि खालून खणकन् आवाज आला.

आडात पडलेलं भांडं काढायचं तर गळ लागतो. लोखंडी आकड्यांचा झुबका, दोराला बांधून आत फिरवायचा. गळ गावात मोजक्या घरी असे, आणि नेलेला गळ कुणी वेळेवर परत देत नसे. म्हणून रीत अशी, की गळ पाहिजे तर आपलं एक भांडं त्या घरी ठेवून जायचं. मी शेजारच्या शरणव्वाकाकूंकडे गेलो.

"भांडं आणलंस?" काकूंनी आधी तेच विचारलं.

मी अव्वाचं पातेलं त्यांच्याकडे ठेवलं, गळ घेतला, त्याला त्यांचाच दोर बांधला आणि आडात सोडला. या वेळी टोक दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. गाठ मात्र मी मारलेली होती. दोर वर आला, गळ खालीच राहिला.

आता घागर काढायला गळ पाहिजे आणि तो गळ काढायला दुसरा गळ पाहिजे. मी परात उचलली आणि नरसय्या शिंप्याचं घर गाठलं. घरी तेलुगू बोलणारा हा माणूस गळाला पाताळगरडी म्हणायचा. नाव ऐकून मला फार धीर आला. परात ठेवून, गळ नि त्याचा दोर घेऊन मी आडावर परतलो, तेवढ्यात अप्पाच तिथं आले. कालपासून पोटात काही नाही, ओठ सुकलेले.

"सरक बाजूला. ह्याला अक्कल लागते."

अप्पांनी गाठ स्वतः मारली, गळ सोडला, गोल फिरवला. काहीतरी लागलं. "घावली बघ!" म्हणून त्यांनी हिसका दिला. लागला होता तो दगड. शिंप्याचा जुना दोर तटकन तुटला आणि अप्पा माझ्या अंगावर बसले.

तिसरा गळ पाटलांचा. पाटलांकडे बारकं भांडं चालत नसे, म्हणून पारण्याचा भात ज्यात शिजायचा तो हंडाच गेला.

"मी सैपाक कशात करू? माझ्या टाळक्यात?" अव्वा दारातून ओरडली.

तिसरा गळ आत गेला आणि आधीच्या दोघांत जो गुंतला तो हलेचना. तोवर आडाभोवती आळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन खोळंबल्या होत्या. सगळ्या उपाशी. पाणी उसनं मागायची सोय नव्हती. दुष्काळात माणूस भांडं देईल, पाणी देणार नाही. अप्पा काठावर बसले, त्यांना भोवळ येत होती. आता मात्र मला रडू फुटलं. बापाच्या पारण्याचा मी खेळखंडोबा केला होता.

तेवढ्यात अक्का आली. गौऱ्यांची पाटी खाली ठेवली, आडात डोकावली.

"हे काय करून राहिलात?"

"घागर काढून राहिलोत," मी हुंदके देत म्हणालो.

"गळानं? आरं, आडात पाणी हाय कुठं? घोट्याएवढं न्हाई. उतरून आणा की!"

बायका रोज खरवडून पाणी भरत होत्या, त्यांना ते ठाऊक होतं. पण कर्त्या माणसाला कोण सांगणार? आणि आम्ही बापलेकांनी वाकून बघितलंच नव्हतं. भांडं पडलं की गळ, एवढंच आम्हाला माहीत.

अक्कानं परकर खोचला, एक वाटी दातांत धरली, शरणव्वाकाकूंचा दोर कमरेला बांधला आणि भिंतीतल्या खाचांत पाय रोवत सरसर खाली गेली. असली पोर मी पुन्हा पाहिली नाही. खालून तिनं आधी तिन्ही गळ पाठवले. मग दगडावर उभी राहून, झऱ्याला वाटी लावून, तिनं घागर भरली. ताजं, नितळ पाणी. घागर वर आली तेव्हा अप्पांचे डोळे भरून आले.

"माझ्या जागी हीच मालक पाहिजे," ते म्हणाले.

मग खालून आवाज आला, "आता मला वर घ्या. दोर कुणाच्याबी हातात द्या, बंडूच्या नको."

बंडू म्हणजे मी.

अप्पांची आंघोळ झाली, पूजा झाली, भांडी घरी आली आणि दुपार कलता कलता पारणं झालं. पहिला घास अप्पांनी अक्काला भरवला. मीही हात धुऊन म्हटलं, "अप्पा, उद्यापासून मलाबी काम द्या."

अप्पांनी बराच विचार केला आणि दिलं. दुसऱ्या दिवसापासून अक्का पाणी भरायला निघाली की मीही सोबत जायचो. ती घागर आडात सोडायची, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलेलं असायचं. निजामाच्या राज्यात मी खुंट्याचं काम केलं, आणि सांगायला हरकत नाही, चोख केलं.